लाताल्लुकीची जाहिरात

गेल्या आठवड्यात नववीच्या उर्दूच्या तासाला 'लाताल्लुकी' हा शब्द आला. मराठीत अर्थ सांगितला, संबंध नसणे. एका मुलाने विचारलं, "सर, वाक्यात उपयोग?" मी एक साधं वाक्य फळ्यावर लिहिलं. डोक्यात मात्र १९९०चं काश्मीर होतं.

त्या काळात श्रीनगरच्या वर्तमानपत्रांत छोट्या जाहिराती छापून येत. मतलब एकच असे : माझा यापुढे अमुक पक्षाशी काही संबंध नाही. त्या देणारे मोहल्ल्यातले, गावातले कार्यकर्ते होते. जाहिरात दिली तर कदाचित जीव वाचेल, एवढीच आशा.

या भीतीमागे सरकारचाही दोष होता. १९८७च्या विधानसभा निवडणुकीत गैरप्रकार झाले. मुस्लिम युनायटेड फ्रंटचे उमेदवार आणि पोलिंग एजंट तुरुंगात गेले. त्यांच्यातलेच काही पुढे बंदूक घेऊन परतले. पण बंदुकीने पहिल्यांदा कुणाला गाठलं? २१ ऑगस्ट १९८९ रोजी श्रीनगरमध्ये नॅशनल कॉन्फरन्सचे स्थानिक पदाधिकारी मोहम्मद युसूफ हलवाई मारले गेले.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री मुफ्ती मोहम्मद सईद यांच्या मुलीचं अपहरण झालं. पाच दिवसांनी पाच अतिरेकी सोडले गेले आणि मुलगी सुखरूप घरी आली. एका बापाचं काळीज मी समजू शकतो. पण अपहरण केलं की सरकार झुकतं, हा धडा बंदूकवाल्यांनी त्या दिवशी घेतला.

मार्च १९९०मध्ये माजी आमदार मीर मुस्तफा यांना पळवून ठार मारलं. ६ एप्रिलला काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू, इस्लामचे अभ्यासक प्रा. मुशीरुल हक आणि त्यांचे सचिव अब्दुल गनी जरगर यांना उचललं. या वेळी सरकार झुकलं नाही. चार दिवसांनी दोघांचे मृतदेह मिळाले.

डिसेंबरमध्ये मौलाना मोहम्मद सईद मसूदी यांना गोळ्या घातल्या. वय ऐंशीच्या पुढे. भारताच्या संविधान सभेचे ते सदस्य होते. १९६३च्या अखेरीस हजरतबल दर्ग्यातून पवित्र केस चोरीला गेला, तेव्हाच्या आंदोलनाच्या पुढाऱ्यांत ते होते. अशा आलिमाला मारणाऱ्यांनी कौमचं काय भलं केलं?

या काळात काश्मिरी पंडितही मारले गेले, त्यांना घरदार सोडावं लागलं. ते दुःख विसरता येणार नाही. मात्र वर सांगितलेली ही सगळी नावं मुसलमानांची आहेत, आणि त्यांची आठवण कुणीच काढत नाही. एका बाजूला ती अडचणीची वाटतात, दुसऱ्या बाजूला गद्दारांची.

२०११मध्ये तिथे पंचायत निवडणुका झाल्या, लोकांनी रांगा लावून मतदान केलं. पुढच्याच वर्षी सरपंच-पंचांच्या हत्या झाल्या आणि राजीनाम्याच्या जाहिराती पुन्हा छापून आल्या. रस्ता, नळ, रेशनकार्ड यांसाठी लोक ज्याच्या दारात जातात, तो माणूस संपला की गावाला बोलायला उरतात फक्त बंदूकवाले आणि वर्दीवाले.

मुलांना त्या दिवशी हे सांगायचं राहून गेलं. उद्याच्या तासाला सांगणार आहे.