बोले-ठराव : कौन्सिलातून तळ्यापर्यंत

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा २० मार्च १९२७ या दिवसापासून आरंभ करतो, आणि ते स्वाभाविकही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतले आणि त्यांच्या मागोमाग हजारो अस्पृश्य बांधवांनी ते प्राशन केले, तो क्षणच असा आहे की त्याच्या तेजापुढे आधीचे सारे अंधुक व्हावे. परंतु या घटनेला एक पूर्वार्ध आहे. तो महाडात नव्हे, तर मुंबईच्या कायदे कौन्सिलात घडला. त्याचा नायक मुंबईबाहेर फारसा कोणास ठाऊक नाही; मुंबईतही दादरच्या एका रस्त्याचे नाव म्हणूनच तो बहुतेकांना परिचित आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले हे ते गृहस्थ.

ठराव मांडणे, त्यास अनुमोदन मिळणे, तो टाळ्यांच्या गजरात संमत होणे आणि मग इतिवृत्ताच्या वहीत सुखाने निद्रिस्त होणे, या क्रमाशी आपण मंडळाची माणसे चांगलीच परिचित आहोत. बोले यांच्या ठरावाचीही हीच गती व्हायची होती. ती का झाली नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

बोले यांचा जन्म १८६८ चा, मुंबईच्या भंडारी समाजातला. गिरणगावात कामगारांच्या संघटना अद्याप रुजल्या नव्हत्या, त्या काळात निघालेल्या 'कामगार हितवर्धक सभे'च्या प्रमुख प्रवर्तकांपैकी ते एक होते. आजच्या अर्थाने ती लढाऊ युनियन नव्हे. कामगारांच्या अडचणी ऐकणे, अर्ज-विनंत्या करणे, मालक आणि मजूर यांच्यात तडजोड घडवणे, असे तिचे सौम्य स्वरूप होते. पण चाळीचाळींतून माणसांची गाऱ्हाणी ऐकण्याची जी सवय बोले यांना लागली, ती येथेच. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याच्या कौतुकासाठी भरलेल्या सभेचे अध्यक्षपद बोले यांच्याकडेच होते. त्याच सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. वीस वर्षांनी हे अध्यक्ष आणि तो विद्यार्थी एकाच कौन्सिलाचे सभासद असतील, याची त्या दिवशी कोणास कल्पना असणार!

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर अस्तित्वात आलेल्या मुंबई कायदे कौन्सिलात बोले गेले. त्या काळची निवडणूक आणि आजची निवडणूक यांत महदंतर आहे. मताचा अधिकार सारा, कर आणि मालमत्ता यांवर अवलंबून असे. ज्या गिरणीकामगारांची आणि अस्पृश्यांची बाजू बोले मांडत, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना मत होते. ज्यांच्या मतावर आपली जागा अवलंबून नाही त्यांच्यासाठी बोलणारा लोकप्रतिनिधी हा कोणत्याही काळात विरळाच असतो. बोले यांची थोरवी मला प्रथम जाणवते ती येथे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव कौन्सिलाने संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या व चालविलेल्या, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर करण्यास अस्पृश्य वर्गास मुभा असावी, अशी त्यात सरकारला शिफारस होती.

या शब्दयोजनेकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. बोले यांनी देवळाचे नाव काढले नाही, खाजगी विहिरीचे काढले नाही, रोटी-बेटीचेही नाही. शास्त्रार्थाच्या आखाड्यात ते उतरलेच नाहीत. त्यांनी फक्त एवढेच विचारले की, पैसा सर्वांचा असेल तर पाणी सर्वांचे का नाही? याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला मात्र त्यात कसलेल्या विधायकाची दृष्टी दिसते, कारण पुढे चौदा वर्षे जो वाद चालला तो नेमका याच मुद्द्यावर येऊन ठेपला.

मात्र शिफारस म्हणजे कायदा नव्हे. सरकारने सप्टेंबर १९२३ मध्ये आपल्या खातेप्रमुखांना ठरावाची अंमलबजावणी करण्याविषयी कळविले, आणि तो कागद जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत नगरपालिकांपर्यंत पोहोचला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून नोंदविले की, अस्पृश्यांनी तळे वापरण्यास पालिकेची हरकत नाही. 'हरकत नाही' हे शब्द मोठे मौजेचे आहेत. परवानगी दिली, पण घागर घेऊन जाणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे आश्वासन दिले नाही. तळ्याभोवती घरे स्पृश्यांची. मुसलमान पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत, आणि अस्पृश्य मात्र तीन वर्षे त्या 'हरकत नाही'कडे दुरूनच पाहत राहिले.

याच सुमारास दक्षिणेत याच्या अगदी उलट प्रकार घडत होता. त्रावणकोर संस्थानात वैकोमच्या मंदिराभोवतीचे रस्ते अवर्णांना खुले व्हावेत म्हणून १९२४ च्या मार्चपासून सत्याग्रही पावसापाण्यात उभे होते. तेथील विधिमंडळात एन. कुमारन यांनी तशा अर्थाचा ठराव आणला, तो फेब्रुवारी १९२५ मध्ये २१ विरुद्ध २२ अशा एका मताने फेटाळला गेला. तेथे रस्त्यावर माणसे होती, सभागृहात एक मत कमी पडले. आपल्याकडे सभागृहाने होकार दिला होता, तळ्यावर माणूस नव्हता. केरळात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना वैकोमची कथा मुखोद्गत असेल. तिच्याशेजारी ही महाडची कथा ठेवून पाहावी.

बोले स्वस्थ बसले नाहीत. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये. उपदेशाने जे साधत नाही ते थैलीच्या दोरीने साधेल, असा हा व्यवहारी हिशेब होता.

पण दोरी ओढण्यासही खालून रेटा लागतो, आणि तो आता तयार होत होता. जुलै १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन झाली होती. महाड परिसरातल्या रामचंद्र बाबाजी मोरे या तरुण कार्यकर्त्याने बाबासाहेबांना महाडला आणण्याचा ध्यास घेतला होता. सोशल सर्व्हिस लीगमध्ये काम केलेले अनंतराव चित्रे त्यांच्या साथीला होते, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस हे नगरपालिकेचे अध्यक्ष स्वतः अनुकूल होते. आसपासच्या खेड्यांत पलटणीतून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची वस्ती होती. ही शिस्त जाणणारी माणसे परिषदेच्या कामास लागली. फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेबही सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात आले, आणि पुढच्याच महिन्यात, १९ व २० मार्चला, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली.

परिषदेच्या ठरावांत एक मागणी अशी होती की, सरकारने बोले-ठराव प्रत्यक्षात आणावा, जरूर तर त्यासाठी १४४ कलमाचा हुकूमही काढावा. आणि परिषदेचा एक तपशील या मागणीहून बोलका आहे. जमलेल्या हजारो प्रतिनिधींना पिण्यास पाणी हवे होते. तळे तर पलीकडेच होते, कागदोपत्री खुलेही होते. तरीही चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले! समारोपाच्या वेळी चित्र्यांनी हा विसंवाद सभेपुढे ठेवून तळ्यावर जाण्याचे आवाहन केले, आणि सभा उठली ती तळ्याकडेच निघाली.

त्यानंतर जे घडले ते सुपरिचित आहे. वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची खोटी आवई उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींना लाठ्यांनी झोडपण्यात आले, आणि हातात बळ असूनही नेत्याच्या शब्दाखातर त्यांनी प्रतिहल्ला केला नाही. मागाहून पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' करण्यात आले. नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. त्याची तारीख होती ४ ऑगस्ट १९२७, म्हणजे बोले-ठरावास बरोबर चार वर्षे झाली तो दिवस.

डिसेंबरात दुसरी परिषद भरली. तिला जागा देण्यास हिंदू जमीनमालक तयार होईना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने ती दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर मात्र त्या वेळी कोणी गेले नाही, कारण विरोधकांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. लोकांचा उत्साह अनावर होता, तुरुंगात जाण्यास शेकडो सिद्ध होते. तरी बाबासाहेबांनी न्यायालयाच्या हुकमाचा मान राखला आणि लढा कोर्टात नेला. त्या निर्णयाविषयी तेव्हा नाराजी झाली, आजही मतभेद संभवतात. परंतु निकाल वाचल्यावर त्यातील दूरदृष्टी पटते.

दाव्यात वादींचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाहीच, ते भोवतालच्या घरमालकांचे 'चौधरी तळे' आहे, आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची अनादि वहिवाट आहे! धर्मशास्त्राचा आधार घेणाऱ्यांना अखेर मालकीहक्काच्या आश्रयास जावे लागले. सार्वजनिक निधी आणि सार्वजनिक ताबा यांवरच बोट ठेवून बोले यांनी १९२३ साली रेषा आखली होती. तळे सार्वजनिक ठरले की विरोधकांची निम्मी बाजू कोसळणार, हे उघड होते. महाडचे न्यायालय, ठाण्याचे न्यायालय आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय असा प्रवास करून १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला : जागा नगरपालिकेकडे निहित आहे, अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. निकाल देणाऱ्या दोघा न्यायमूर्तींपैकी एक ब्रूमफील्ड हे होते. १९२२ साली अहमदाबादेत महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा फर्मावणारे न्यायाधीश ते हेच. ठरावाच्या दिवसापासून निकालापर्यंत तेरा वर्षे आणि सात महिने लोटले होते.

त्याच १९३७ साली नव्या कायद्याखाली निवडणुका झाल्या आणि स्वतंत्र मजूर पक्षातर्फे बाबासाहेबांबरोबर चित्रे आणि टिपणीस हे दोघेही मुंबई विधानसभेत गेले. दहा वर्षांपूर्वी जे सभागृहाबाहेरून शब्द पुरा करण्यास झटत होते, ते आता आत बसले. सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. चरीच्या शेतकऱ्यांचा नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा संप तेव्हा पाचव्या वर्षात होता. या वेळी कौन्सिल आणि रस्ता यांच्यात तीन वर्षांचे अंतर पडू दिले नव्हते. तरीही खोती उठण्यास १९४९ चा कायदा व्हावा लागला.

बोले यांना दीर्घायुष्य लाभले. त्यांचे देहावसान १९६१ साली झाले. तोवर भारताची राज्यघटना अमलात येऊन अकरा वर्षे होत आली होती, आणि तिच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख 'राज्याच्या निधीतून पूर्णतः अथवा अंशतः राखलेले' अशा अर्थाच्या शब्दांनी केलेला होता.