परक्या देशात राहायचा कागद

परवा संध्याकाळी टपरीवर चहा घेत होतो. आपल्याच तालुक्यातला एक पोट्टा गाडी लावून जवळ आला. इंजिनिअर झालेला, दोन वर्षांपासून घरी बसून बाहेरच्या एका कंपनीचं काम करतो. कधी धानाच्या बांधीवर उभा राहून मीटिंग करताना तुम्हीही त्याला पाहिलं असेल. म्हणाला, "भाऊ, पेपरमध्ये नावाची जाहीर सूचना द्यायची आहे जी."

विचारलं, कशाला? तर म्हणे थायलंडचा पाच वर्षांचा व्हिसा काढायचा आहे. तिथं राहायचं आणि हेच काम लॅपटॉपवर करायचं. कंपनीची हरकत नाही. पण व्हिसाच्या आधी पासपोर्ट पाहिजे आणि पासपोर्टच अडला. जन्माच्या दाखल्यात बापाचं नाव 'रामाजी', आधारवर 'रामजी', शाळेच्या टीसीवर तिसरंच काही. तीन कागद, तीन बाप.

टपरीवरचे सगळे हसले. एक जण म्हणाला, "थायलंडले कायले चालला बे? घरी बसून पैसा भेटते ना!" तो बिचारा ओशाळला.

मी हसलो नाही. कारण परक्या देशात राहायचा कागद हा विषय आपल्या गावाला वाटतो तितका परका नाही.

जुन्या लोकांनी ऐकलेलं असेल, १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन आपल्या सावलीत भरलं होतं. खादीमुळे सावलीचं नाव तेव्हा देशभर माहीत होतं. गांधीजी इथं आले, राहिले, बोलले. आपण हे दरवर्षी २ ऑक्टोबरला भाषणात सांगतो आणि तिथंच थांबतो. पण या माणसाची पहिली मोठी लढाई कशावरून झाली? मिठावरून नाही. परक्या देशात राहायच्या कागदावरून झाली.

दक्षिण आफ्रिकेत नाताळ नावाचा इंग्रजी मुलूख होता. उसाच्या मळ्यात काम करायला पाच वर्षांच्या करारावर हिंदी मजूर नेले जात, गिरमिटिये म्हणतात ते. करार संपला की गोऱ्या मालकांना ते तिथं नको असत. म्हणून १८९५ मध्ये कायदा केला : परत जा, नाहीतर पुन्हा करार करा, आणि मोकळे राहायचं असेल तर दरवर्षी तीन पौंड भरा. हिशेब करून बघा. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. मजुराची कमाई महिन्याला चौदा शिलिंगच्या वर जात नसे, असं गांधीजींनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे नुसतं 'राहण्याचं' भाडं चार महिन्यांच्या मजुरीहून जास्त! त्यात बायको आणि मोठी झालेली पोरंही मोजायची. चार जणांच्या घराला बारा पौंड. माणसाने खायचं काय? हा कर जायला १९१४ साल उजाडलं.

शेजारच्या ट्रान्सवालमध्ये याहून वाईट प्रकार. १९०६ मध्ये तिथल्या सरकारने फर्मान काढायचं ठरवलं की आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसाने नोंदणी करायची, बोटांचे ठसे द्यायचे, दाखला कायम जवळ ठेवायचा आणि पोलिसाने मागितला की दाखवायचा. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा झाली आणि हे मानायचं नाही अशी शपथ घेतली गेली. सत्याग्रह जन्मला तो तिथं. पुढे १६ ऑगस्ट १९०८ ला हमिदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत रॉकेल टाकून दोन हजारांवर दाखले जाळले.

मजा अशी की आज आपण आधारसाठी दहाही बोटं मुकाट्याने देतो. रेशन दुकानात अंगठा उमटला नाही तर घरी परत येतो. असो. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

आता सावलीहून थोडं वर्ध्याकडे या. तिथला एक माणूस आपण साफ विसरलो. डॉ. पांडुरंग खानखोजे. जन्म वर्ध्याचा, १८८४ चा. शिक्षण वर्ध्यात आणि नागपुरात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते देशाबाहेर पडले. जपानमार्गे अमेरिकेला गेले.

त्या काळी बोटीवर चढायला सरकारचा कागद लागत नव्हता. अडवायचा तो समाज. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना श्रीरामपूरच्या कॉलेजात (बंगालमधलं, आपलं नगरचं नव्हे) भर सभेत उभं राहून मी का जाते हे सांगावं लागलं होतं. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणायचे. व्हिसा ऑफिसर नव्हता, पण प्रश्न तोच. का जाता? परत याल का? आल्यावर तुम्हाला घरात कोण घेईल?

खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकले. तिथंच ते गदर चळवळीच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक झाले. त्याच किनाऱ्यावर, थोडं वर कॅनडात, १९०८ मध्ये नियम आला की हिंदुस्थानातून येणाऱ्याजवळ दोनशे डॉलर पाहिजेत (आधी पंचवीस होते) आणि मायदेशातून थेट, मध्ये कुठे न थांबता, आलेल्या बोटीनेच आलं पाहिजे. अशी थेट बोट मिळणं जवळपास अशक्य होतं. नियमात 'हिंदू नको' असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. १९१४ च्या मे महिन्यात कोमागाटा मारू बोट ३७६ माणसं घेऊन व्हँकुव्हरला गेली, दोन महिने बंदराबाहेर उभी राहिली आणि थोडके लोक सोडून बाकीच्यांना घेऊन परत फिरली. कलकत्त्याजवळ बजबजला उतरल्यावर २९ सप्टेंबरला इंग्रजांनी त्यांच्यावर गोळीबार केला. परक्याने दार लावलं, आणि घरच्या दारात गोळी.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर पासपोर्ट सक्तीचा झाला. 'युद्धापुरता' म्हणून आलेला नियम युद्ध संपल्यावर गेला नाही. १९२० मध्ये हिंदुस्थानात त्याचा कायदाच झाला. इंग्रजांचा तो १९२० चा कायदा स्वतंत्र भारतात किती वर्षं चालला? १ सप्टेंबर २०२५ पर्यंत. त्या दिवशी परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला, तेव्हा कुठे तो रद्द झाला. एकशे पाच वर्षं.

खानखोजे युद्धाच्या काळात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, पुढे युरोपात फिरले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले. मायदेशाचं दार बंद. मेक्सिकोने मात्र हाताला काम दिलं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या, गव्हाच्या नव्या जातींवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या तिथल्या जगप्रसिद्ध चित्रकाराने त्यांना आपल्या भिंतीचित्रात घेतलं. 'आमची भाकर' अशा अर्थाचं त्या चित्राचं नाव आहे, आणि भाकरी मोडणारा जो माणूस आहे तो आपला वर्ध्याचा. २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. वर्ध्यात जाऊन दहा जणांना त्यांच्याबद्दल विचारा. मी विचारलं आहे. एकाला माहीत होतं, तोही रिटायर्ड मास्तर.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. १९४७ आलं, देश स्वतंत्र झाला. खानखोजेंनी घरी यायला अर्ज केला. आणि आपल्या, स्वतंत्र भारताच्या सरकारने व्हिसा नाकारला! कारण इंग्रजांनी घातलेली बंदी कागदावर तशीच होती. इंग्रज गेला, त्याची फाइल राहिली. पुढे ती बंदी उठली, ते आले, नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ ला ते गेले.

आणि बघा, त्यांच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांत, १० एप्रिल १९६७ ला, सुप्रीम कोर्टाने सतवंत सिंग सहानी खटल्यात निकाल दिला की परदेशी जाणं हा नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायदा नसताना सरकार मर्जीने पासपोर्ट नाकारू शकत नाही. तोपर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. निकाल लागल्यावर घाईघाईने त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. आपल्या पोट्ट्याने नागपूरच्या पासपोर्ट ऑफिसचा अर्ज मोबाईलवर भरला, तो त्याच कायद्याखाली. त्याच्यासाठी तो फक्त एक फॉर्म आहे, आणि तसंच असायला पाहिजे.

तरी सगळे सारखे झाले असं नाही. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट आजही वेगळा असतो. त्यावर 'एमिग्रेशन चेक'ची नोंद पडते आणि आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. १९८३ च्या कायद्याने हे आलं, हेतू मजुराची फसवणूक होऊ नये हा. हेतू चांगलाच. पण २०१८ मध्ये अशा लोकांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट द्यायचं ठरत होतं, म्हणजे विमानतळावर दुरूनच कळावं की हा दहावी नापास! ओरड झाली, आणि तो बेत मागे घेतला.

आता २०२० आठवा. त्या एप्रिलमध्ये आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचे मिरची तोडायला गेलेले मजूर तेलंगणात अडकले होते. कामं बंद, गाड्या बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास. कितीतरी जण पोरंबाळं घेऊन जंगलाच्या वाटेने पायी निघाले. मी तेव्हा रोज त्या बातम्या देत होतो. मिरचीच्या तिखटाने हाताची आग होणाऱ्या बाया सांगत होत्या, आमाले फक्त घरी जाऊ द्या. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एस्टोनिया नावाच्या छोट्या देशाने जाहीर केलं की ज्याचं काम लॅपटॉपवर होते, त्याने आमच्याकडे येऊन वर्षभर राहावं, नोकरी दुसऱ्या देशातली असली तरी चालेल. मग रांगच लागली. दुबई, स्पेन, पोर्तुगाल, मलेशिया, थायलंड.

हे व्हिसे खरे आहेत, फसवणूक नाही. पण अट काय असते? तुम्ही काम कोणतं करता हे दोन ओळींत, आणि पैसा किती हे दहा पानांत. एस्टोनिया महिन्याची कमाई ४,५०० युरो मागतो, म्हणजे चार लाखांच्या वर. दुबई ३,५०० डॉलर. थायलंडला कमाईपेक्षा शिल्लक दाखवायची आहे, खात्यात ५ लाख बाट, आपले बारा-चौदा लाख. त्यावर पाच वर्षांचा व्हिसा, एका वेळी १८० दिवस राहायचं. जपानने २०२४ मध्ये असाच व्हिसा काढला, वर्षाला १ कोटी येन कमाईचा. तो मात्र ज्या देशांच्या लोकांना मिळतो त्या यादीत भारतच नाही. तीन पौंड, दोनशे डॉलर, पाच लाख बाट. आकडा बदलला, रुपयांत मोजायची सवयही बदलली, पण दारावरचा माणूस अजून आधी खिसाच चाचपतो.

आपणही काही वेगळे नाही. गोव्यात कितीतरी विदेशी लोक महिनोन्महिने समुद्रकाठी लॅपटॉप उघडून बसतात, पण अशा कामासाठी आपल्या देशाचा वेगळा व्हिसाच नाही.

ज्या पोट्ट्यांच्या डोक्यात हे आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. टुरिस्ट व्हिसावर जाऊन गुपचूप काम करायच्या भानगडीत पडू नका, पकडलं तर परत पाठवतात आणि पुढचे व्हिसेही अडतात. कंपनीचं पत्र लेखी घ्या, साहेबाचं तोंडी 'हो' चालत नाही. वर्षातले किती दिवस कुठं राहिलो यावर टॅक्स कोणत्या देशात भरायचा ते ठरते, तेव्हा सीएला आधी विचारा. आणि सगळ्यात आधी घरातले कागद एका नावाचे करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखलाच चालतो, टीसी वगैरे नाही. म्हणून आज घरी बाळ झालं असेल तर दाखल्यावरचं बापाचं नाव तिथंच उभं राहून दोनदा वाचा. कोणी लिहिताना काना गाळला तर वीस वर्षांनी त्या काना-मात्रेसाठी पोराला पेपरात जाहीर सूचना द्यावी लागते.

आपल्या पोट्ट्याची सूचना मी लिहून दिली. चार ओळींची आहे. वाचून त्याचा बाप म्हणाला, "माहं खरं नाव तर रामा होतं जी. 'जी' मास्तरनं लावलं." आम्ही तिघंही गप्प बसलो. मग पोट्ट्याने पेन मागितला आणि कागद पुन्हा पुढे ओढला. त्याची नागपूरची अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी आहे, पहाटेच्या बसने जाणार आहे.