जावा-येझदीची काजळी

जुन्या जावा-येझदीचं लखलखतं इंजिन प्रदर्शनात पाहिलं, की पूर्वीचे लोक गाडीला किती जपत, असं हमखास म्हटलं जातं. जपत होतेच. पण त्यांची सफाई हौसेपोटी आलेली नव्हती. इंजिनाची रचना आणि तेव्हाचं पेट्रोल यांनी ती लादली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या गाड्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, ते बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देणार आणि शेवटी जळून जाणार. पूर्ण जळत मात्र नसे. उरलेली काजळी पिस्टनच्या माथ्यावर, एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरच्या जाळीवर बसे. धुराची वाट अरुंद झाली की गाडी चढावर दम टाकी. मग हेड उघडून कार्बन खरवडायचा, सायलेन्सरची जाळी बाहेर काढून जाळून किंवा कॉस्टिकच्या पाण्यात टाकून मोकळी करायची. पेट्रोलमध्ये शिसं असे, त्याचा थर प्लगवर धरे, म्हणून प्लगही घासावा लागे. बाहेरून रॉकेल आणि ब्रश यांचं कारणही तितकंच रोकडं. इंजिन वाऱ्यानेच थंड व्हायचं. जोडांतून पाझरलेल्या ऑईलवर रस्त्याची धूळ बसून फिन्समध्ये चिकट पेंड तयार होई आणि उष्णता अडे. शिवाय इंजिन धुतलं की ऑईल नेमकं कुठून गळतंय, तेही दिसे.

यावर कुणी खंडेनवमी पुढे करील: त्या दिवशी गाड्या घासूनपुसून, झेंडूचे हार घालून पुजल्या जात आणि आजही जातात. खरं आहे. पण त्या दिवशी पूजा होते ती हत्यारांची, चालत्या अवजारांची. सणाने सफाईला एक तारीख दिली, गरज निर्माण केली नाही. काजळी काही आश्विनाची वाट पाहत नसे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बुलेट फोर-स्ट्रोक, तिच्यात ऑईल जाळायचं नसतं, तरी तिचे मालकही रॉकेल घेऊन बसतच. मात्र शिशाच्या पेट्रोलने आणि जुन्या ऑईलने तिच्याही हेडमध्ये कार्बन साठे, आणि ऑईल गळण्याबद्दल तर तिची ख्यातीच होती. तिच्या बाजूच्या कव्हरांना कारखान्यातच पॉलिश असे, हे मान्य. बिडाचं बोअर मात्र कुणी चमकवायला जात नसे. क्रोमचीही तीच गत. क्रोम स्वतः गंजत नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल आत शिरते आणि खालचं लोखंड गंजतं. तिथे पेस्टने रोज घासण्यापेक्षा ऑईलचा बोळा बरा, कारण क्रोमचा थर अतिशय पातळ असतो.

1985 मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली. त्याच वर्षी आलेल्या यामाहा आरएक्स 100 मध्ये ऑईल वेगळ्या पंपाने जाऊ लागलं, म्हणजे मिश्रण हाताने करण्याची गरज संपली. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला आणि 2000 पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. सफाईची कारणं अशी एकेक करून गेली. उरली ती चकाकी, आणि आता तीच जुनी परंपरा म्हणून मिरवली जाते. माझ्या मते हा उलटा न्याय आहे. बफिंगने क्रँककेसवरच्या ओतकामाच्या खुणा पुसल्या जातात, आणि सायलेन्सरसाठी ठीक असलेलं कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं. जुनी गाडी सजवणाऱ्यांनी बफिंगवाल्याकडे जाण्याआधी एकदा सायलेन्सरची जाळी बाहेर काढून पाहावी.