बाल-अत्याचार कळवण्याचे बंधन आणि समुपदेशकाच्या मर्यादा (हेब्बाळ, बेंगळुरू)

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले किंवा होण्याची भीती वाटली, तर ते पोलिसांना कळवण्याची मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक व मनोसामाजिक कार्यकर्ते यांच्यावरील कायदेशीर जबाबदारी, आणि ती पार पाडताना मुलाशी असलेल्या व्यावसायिक नात्यात पाळायच्या मर्यादा. भारतात या जबाबदारीचा आधार म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो). तो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. बेंगळुरूच्या उत्तरेकडील हेब्बाळमध्ये या प्रश्नाला त्याआधीच हात घातला गेला होता.

बल्लारी रस्त्यावर हेब्बाळला १९७३ पासून बॅप्टिस्ट रुग्णालय आहे. शैब्या सलढाना आणि संगीता सक्सेना या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी उभारलेल्या ‘एन्फोल्ड’ संस्थेने २०११ च्या सुमारास या रुग्णालयात ‘कोलॅबोरेटिव्ह चाइल्ड रिस्पॉन्स युनिट’ सुरू केले. डॉक्टर, समुपदेशक, समाजकार्यकर्ते, पोलीस आणि कायद्याची मदत यांची सांगड घालायची आणि मुलाला तीच हकिगत पाच दारांवर पाच वेळा सांगायला लावायची नाही, असा त्यामागचा विचार. या रचनेचे मोल मुलाच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. समुपदेशकाच्या बाजूनेही ते तितकेच आहे. जखमा तपासणे डॉक्टरचे, चौकशी पोलिसांची, आणि मुलाजवळ बसणे समुपदेशकाचे, अशी कामे वाटलेली असली की कोणी कोणाच्या खुर्चीत बसत नाही. एकट्या खोलीत दवाखाना थाटलेल्या समुपदेशकाला ही सोय नसते, आणि मर्यादा बहुधा तिथेच ओलांडल्या जातात.

कळवण्याचे बंधन प्रथम अमेरिकेत आले. हेन्री केम्प व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणसमूहावर लेख लिहिला आणि १९६७ पर्यंत तिथल्या सर्व राज्यांत कायदे झाले. त्या कायद्यांचा रोख मुख्यतः डॉक्टर, शिक्षक अशा ठरावीक व्यवसायांवर होता. भारतीय कायद्याने यादीच केली नाही. पॉक्सोचे कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणते, म्हणजे शेजारीण, रिक्षावाला आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच रांगेत. गुन्हा झाल्याचे ज्ञान किंवा होण्याची धास्ती पुरेशी आहे, पुरावा गोळा करून यावे अशी अपेक्षा नाही. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाला स्वतःला मात्र न कळवल्याबद्दल शिक्षा नाही. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाही. चोवीस तासांच्या मुदतीबद्दल अनेकांचा गोंधळ होतो. ती मुदत पोलिसांनी बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवण्यासाठी आहे. समुपदेशकाला ‘उद्यापर्यंत विचार करतो’ म्हणण्यासाठी ती दिलेली नाही.

‘मग गोपनीयतेचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणवर्गात येतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते, पण दुसऱ्या व्यक्तीला इजेपासून वाचवणे, जिवाला धोका आणि न्यायालयाचा आदेश असे अपवादही तिथेच नोंदवते. शिवाय वकील आणि अशिलामधल्या बोलण्याला पुरावा कायद्यात जे कवच आहे, ते समुपदेशक आणि त्याच्याकडे येणाऱ्या माणसातल्या बोलण्याला भारतात कधीच नव्हते. म्हणून ‘इथे बोललेले इथेच राहील’ हे सरसकट वचन मुलाला देणे हाच पहिला नैतिक दोष ठरतो. पहिल्याच भेटीत, मुलाने काही सांगण्यापूर्वी, त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत अपवाद सांगावा लागतो: तुला कोणी त्रास देत असेल, तर तो थांबवण्यासाठी मला आणखी काही माणसांना सांगावे लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन. यातला शेवटचा भाग कायद्यात नाही. तरी मुलाचा विश्वास टिकतो तो त्याच्यामुळे.

मुलाने तोंड उघडल्यावरची शिस्त अधिक बारीक आहे. समजा, नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “काका मला गच्चीवर नेतो, मला नाही आवडत.” नोंदीत तिचे हेच शब्द अवतरणात यावेत, तारीख-वेळेसह, आणि त्याआधी तिला काय विचारले होते तेही. ‘नातेवाइकाकडून लैंगिक शोषण’ असा आपला अनुवाद त्या जागी लिहिला, तर उद्या उलटतपासणीत बचावपक्षाचा वकील त्यावरच बोट ठेवतो. “त्याने तुला इथे हात लावला का?” असा उत्तर सुचवणारा प्रश्न टाळायचा, “मग काय झालं?” एवढेच पुरते. काकाला बोलावून जाब विचारणे, घरच्यांना ‘आपसात मिटवा’ म्हणणे, मुलीकडे पुरावा म्हणून फोटो मागणे ही समुपदेशकाची कामे नव्हेत. सर्वांत सज्जन समुपदेशक इथे चुकतो, कारण त्याला मदत करण्याची घाई असते.

हेब्बाळसारख्या भागात भाषेचीही अडचण असते. बेंगळुरूत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. पोलीस ठाण्याचे काम कन्नडमध्ये चालते आणि मूल घरी मराठीत बोलते. कलम १९ नुसार मुलाला न समजणाऱ्या भाषेत माहिती लिहिली जात असेल तर दुभाषी द्यावा लागतो. कलम २४ नुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. ही माहिती पालकांना आधीच दिली तर ‘ठाण्यात जायचे’ या शब्दांनी बसणारा धसका बराच कमी होतो.

न कळवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो महाराष्ट्रातून. शंकर किसनराव खाडे खटल्याच्या २०१३ च्या निकालात न्यायालयाने संस्थाचालक आणि रुग्णालयांना कळवण्याबाबत सूचना दिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण पुढे आले, तेव्हा मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवर माहिती असूनही न कळवल्याचा आरोप ठेवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि जाणूनबुजून न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे म्हटले. आरोप खरा की खोटा हे त्या निकालाने ठरलेले नाही. खटला उंबरठ्यावरच संपवता येणार नाही, एवढेच ठरले.

रेषा ओलांडणारा कधी समुपदेशकच असतो. जानेवारी २०२५ मध्ये नागपुरात एका मानसशास्त्रज्ञाला अटक झाली. व्यक्तिमत्त्वविकासाच्या शिबिरांच्या आडून वर्षानुवर्षे विद्यार्थिनींचे शोषण केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. पॉक्सोमध्ये विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या पदावरील व्यक्तीचा आणि मुलांना सेवा देणाऱ्या संस्थेतील कर्मचाऱ्याचा गुन्हा अधिक गंभीर मानला आहे. भेटवस्तू, रात्रीचे व्हॉट्सॲप संदेश, दवाखान्याबाहेरच्या भेटी, निवासी शिबिरे या गोष्टींबाबत व्यवसायसंहिता कडक असतात त्या उगाच नव्हे.

खरा पेच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबाबत आहे. पॉक्सोत संमतीचे वय अठरा, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने मित्राशी असलेल्या संबंधांविषयी सांगितले तरी कायद्याने तो कळवण्याचाच विषय. एन्फोल्डने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधील ७,०६४ निकाल तपासले, तेव्हा २४.३ टक्के प्रकरणे प्रेमसंबंधांची निघाली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला, अल्पवयीन मुलगी व तिच्या पालकांच्या विनंतीवरून, कळवताना तिची ओळख न देण्याची मुभा दिली. समुपदेशकांना तशी मुभा देणारा शब्द त्यात नाही. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने संमतीच्या वयाचा फेरविचार करण्यास विधी आयोगाला सुचवले. आयोगाने २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय घटवू नये असे मत दिले. परिणामी किशोरवयीन मुले नेमके हेच बोलायचे टाळतात, आणि त्यांत खरोखर छळ होत असलेलीही असतात.

पॉक्सोचे बंधन लैंगिक गुन्ह्यांपुरते आहे. घरच्या मारहाणीसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली शिक्षा आहे, पण ते कळवण्याची सक्ती त्याच धर्तीवर नाही. तिथे समुपदेशकाला स्वतःच तोलावे लागते आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाचा आधार घ्यावा लागतो. व्यवसायावरचे नियंत्रणही सारखे नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांसाठी बराच काळ कोणतीही नोंदवही नव्हती. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने त्यांच्यापैकी काहींना कक्षेत घेतले. कलम १९ मात्र नोंदणी विचारत नाही. ते अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करून बसलेल्या समुपदेशकालाही लागू आहे आणि त्याच्या दवाखान्याबाहेर बसलेल्या स्वागतिकेलाही.