मुद्दल, व्याज आणि तालीम

वेळापूर हे फुटबॉलचे गाव नव्हे. अर्धनारी नटेश्वराचे देवालय, यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातील मराठी शिलालेख आणि आषाढीच्या वाटेवरचा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम, ही या गावाची ओळख. खेळ म्हटला की आमच्या माळशिरस तालुक्यात कुस्ती. यात्रा जवळ आली की वर्गणी जमते आणि तिच्या मागोमाग एक जुना वादही येतो. जमलेला पैसा मोठ्या इनामावर लावून बाहेरचा नामांकित मल्ल फडात उतरवावा, की तालमीचे गळके पत्रे बदलून गावच्या पोरांच्या खुराकाची सोय करावी? पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की फड गाजला नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी कोण देईल? दुसरा पक्ष विचारतो, फड गाजला आणि तालीम ओस पडली तर पुढच्या वर्षी लढेल कोण?

हा वाद आम्हांला लहानपणापासून परिचयाचा आहे. पुढे फुटबॉलचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तोच वाद वेगळ्या वेषात भेटला. एखादा क्लब खालच्या श्रेणीत घसरतो आणि त्याच्या चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, आत्ताच खर्च करा, चांगले खेळाडू आणा, एका मोसमात वर या. खाली जितके राहाल तितके तिथलेच होऊन जाल. दुसरा म्हणतो, थांबा, कर्ज काढू नका, स्वतःची मुले घडवा, घर आधी नीट करा. दोन्ही पक्षांचे क्लबावर सारखेच प्रेम असते. म्हणूनच हा वाद कडवट होतो.

बचतीच्या बाजूची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले; 2000 एका श्रेणीकडे आणि 1000 दुसरीकडे. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे आणि त्यातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालवायचा, अशी ती व्यवस्था. तिला ‘अक्षयनीवी’ म्हणत. ज्याला हात लावायचा नाही असा ठेवा, ही कल्पना एका संस्थेला आपण पिढ्यान्‌पिढ्या टिकणार आहोत असा विश्वास असेल तेव्हाच सुचते. फुटबॉल क्लबाच्या बाबतीत हा विश्वास कोणी, कशाच्या आधारावर बाळगायचा, हा खरा प्रश्न आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण गोव्यातले आहे. खाणी आणि जहाजवाहतूक यांतून उभ्या राहिलेल्या उद्योगघराण्यांनी तेथील फुटबॉलला आश्रय दिला. त्यांतील धेंपो स्पोर्ट्स क्लबाचे नाव अग्रगण्य. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली या क्लबाने 2004-05 आणि 2006-07 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि 2007-08, 2009-10, 2011-12 मध्ये आय-लीग जिंकली. 2008 मध्ये तो एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. त्या यशात रँटी मार्टिन्ससारख्या परदेशी खेळाडूंचा वाटा होता, तसाच समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा यांसारख्या गोमंतकीयांचाही होता. म्हणजे त्या काळात खर्च आणि घडवणूक या दोन गोष्टी एकाच घरात नांदत होत्या.

पुढे तीनच मोसमांत चित्र पालटले. 2014-15 च्या आय-लीगमध्ये धेंपोची पदावनती झाली. इथे एक तपशील मुद्दाम नोंदवला पाहिजे. त्या मोसमात सर्वांत तळाला धेंपो नव्हता. तळाला होता पुण्याचा, कल्याणी उद्योगसमूहाचा भारत एफसी. परंतु त्या संघाला थेट प्रवेश देताना पदावनतीपासून संरक्षण मिळालेले असल्याने त्याच्या वरच्या स्थानावरील धेंपोला खाली जावे लागले. पाच वेळच्या विजेत्याच्या चाहत्यांना हे किती झोंबले असेल याची कल्पना करता येईल. पण इतिहासाने या प्रसंगाला जी पुरवणी जोडली ती अधिक बोलकी आहे. ज्याला संरक्षण मिळाले तो भारत एफसी त्याच वर्षी बंद झाला. जो खाली गेला तो धेंपो आजही खेळतो आहे.

धेंपोने 2015-16 मध्ये द्वितीय श्रेणी जिंकली आणि एका मोसमात बढती मिळवली. खर्चवादी आणि बचतवादी, दोघांनाही समाधान वाटावे असे हे यश. पण 2016 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातील स्पर्धांची नवी रचना सुचवली. तीत इंडियन सुपर लीग सर्वांत वर आणि आय-लीग तिच्याखाली, असे स्थान होते, आणि खालून वर जाण्याची वाट बंद होती. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दे गोवा आणि पाठोपाठ धेंपो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. यांपैकी साळगावकर आणि धेंपो या दोन घराण्यांचा 2014 साली स्थापन झालेल्या एफसी गोवा या सुपर लीग संघाच्या मालकीतही वाटा होता. याचा अर्थ पैसा नव्हता असे नाही. पैसा कुठे लावायचा याचा निर्णय झाला होता, आणि तो निर्णय चाहत्यांना विचारून झाला नव्हता.

आमच्या मते खर्च-बचतीच्या वादात नेहमी निसटणारा मुद्दा इथेच आहे. शिडीच नसेल तर काटकसर कशासाठी करायची? बचतीला अर्थ येतो तो उद्या वर चढता येईल या आशेमुळे. ती वाट बंद झाली की बचत हा सद्‌गुण राहत नाही. ती निवृत्ती ठरते. धेंपो गोव्याच्या प्रादेशिक लीगमध्ये बहुतांशी स्थानिक तरुणांना घेऊन खेळत राहिला. 2023 मध्ये पंजाबचा संघ आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेला आणि शिडी पुन्हा उभी राहिल्याचे दिसले. त्यानंतर 2023-24 मध्ये आय-लीग 2 मध्ये दुसरे स्थान मिळवून धेंपोने बढती मिळवली. तेव्हा प्रशिक्षक होते जुने खेळाडू समीर नाईक. 2024-25 मध्ये क्लब पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. आठ वर्षांच्या या वनवासात क्लबाला तगवले ते साठवलेल्या रकमेपेक्षा साठवलेल्या माणसांनी.

पुण्याचा अनुभव मात्र बचतवाद्यांनाही अंतर्मुख करणारा आहे. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 मध्ये स्थापन झाला, 2009 मध्ये द्वितीय श्रेणीतून आय-लीगमध्ये आला आणि 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ दुसरा राहिला. या क्लबाने घडवणुकीवर लक्ष दिले, अकादमी काढली. चाहत्यांना हवे ते सारे या क्लबात होते. तरीही 2015 मध्ये मालकांनी हात आखडता घेतला. अकादमी 2016 मध्ये एफसी पुणे सिटीकडे गेली आणि 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही संपला. भारत एफसीची जागा घेणारा डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये स्पर्धेबाहेर पडला. चार वर्षांत एका शहरातले चार क्लब गेले. मुंबईत 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड त्याआधीच, 2010 मध्ये, बंद झाला होता. यांतील काही क्लब उधळे होते, काही जपून चालणारे. शेवट मात्र सर्वांचा सारखाच झाला, कारण मुद्दल ज्याचे होते त्याने ते काढून घेतले.

परदेशातील दोन उदाहरणे या संदर्भात उपयोगी आहेत. ग्लासगोच्या रेंजर्स क्लबाची कंपनी 2012 मध्ये कर्जात बुडाली आणि क्लबाला स्कॉटलंडच्या चौथ्या श्रेणीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. तळाच्या श्रेणीतही हजारोंनी प्रेक्षक येत होते. त्याच वर्षाअखेरीस शेअर विकून सुमारे 2.2 कोटी पौंड उभे राहिले; त्यांत चाहत्यांचाही पैसा होता. तो पैसा पाहता पाहता संपला. खालच्या श्रेणीतील प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने पुष्कळच महाग खेळाडू घेऊन क्लबाने दोन श्रेण्या सहज ओलांडल्या, पण तिसरीत तो अडखळला आणि सर्वोच्च श्रेणीत परतायला 2016 उजाडले. त्या रकमेतून पायाभूत काय उभे राहिले, हा चाहत्यांचा प्रश्न मागे उरला.

याउलट वेल्समधील स्वान्झी सिटी. 2003 मध्ये मोसमाच्या अखेरच्या दिवशी हल सिटीला हरवून हा क्लब व्यावसायिक लीगमधून बाहेर फेकला जाण्यापासून वाचला. चाहत्यांच्या न्यासाकडे क्लबाची सुमारे एक पंचमांश मालकी होती. कर्ज न वाढवता, पायरी पायरीने चढत हा क्लब 2011 मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि 2013 मध्ये त्याने लीग चषक जिंकला. पण 2016 मध्ये इतर भागधारकांनी आपला हिस्सा अमेरिकी गुंतवणूकदारांना विकला, तेव्हा आपल्याला विश्वासात घेतले नाही अशी न्यासाची तक्रार राहिली; 2018 मध्ये क्लबाची पदावनती झाली. एक पंचमांश मालकी असणाऱ्याला हिशेब विचारता येतो, पण सौदा थांबवता येत नाही.

आता आपल्या शेजारच्या कोल्हापूरकडे वळू. तेथील संघांची नावेच पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. फुटबॉल खेळणाऱ्या संघाने स्वतःला तालीम म्हणवावे हे भाषेच्या अभ्यासकाला विशेष वाटेल. अरबीत या शब्दाचा अर्थ शिक्षण. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्याला लागला, नाटकाच्या सरावालाही लागला, आणि कोल्हापुरात पेठेच्या संघालाही. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठी ओरडणारा प्रेक्षक हा कोणा उद्योगसमूहाचा ग्राहक नसतो. तो वर्गणीदार असतो, गणेशोत्सवात त्याच तालमीचा कार्यकर्ता असतो.

अर्थात म्हणून तेथे वाद नाही असे नव्हे. गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या संघांतून आफ्रिकी खेळाडू खेळू लागले आणि आमच्या यात्रेतलाच प्रश्न पेठांपुढे आला. बाहेरच्या खेळाडूवर खर्च केला तर सामना रंगतो, प्रतिस्पर्धी पेठेसमोर मान ताठ राहते. पण त्याच जागी पेठेतला एक मुलगा राखीव बाकावर बसतो. याच शहराचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. असा मुलगा घडायला मैदानावर उतरण्याची संधी लागते, आणि ती संधी हेच त्याच्यावरचे भांडवल असते. तरीही कोल्हापूरच्या वादाचे एक वैशिष्ट्य आहे: तो चुकला तरी घरातच चुकतो. एका मोसमात पैसा वाया गेला तर पेठ हळहळते, भांडते, पुन्हा वर्गणी काढते. पेठ उठून दुसऱ्या शहरात जात नाही.

हे सारे मांडताना आम्ही बचतीची पूजा बांधत नाही. गुल्लकात टाकलेले नाणे जसेच्या तसे राहते; क्लब तसा राहत नाही. खेळाडूचे वय वाढते, प्रेक्षक पांगतो, मैदान खडकाळ होते. काहीच खर्च न करणारा क्लबही झिजतच असतो. म्हणून ‘खर्च की बचत’ हा प्रश्न अपुरा आहे. खर्च झाल्यावर मागे काय उरते आणि त्या उरलेल्यावर हक्क कोणाचा, असे विचारले पाहिजे. उषवदाताच्या लेखातील शहाणपणही केवळ बचतीचे नाही. त्याने मुद्दल स्वतःच्या हाती ठेवले नाही, आणि व्याज मात्र भिक्षूंच्या वस्त्रांवर दरवर्षी खर्च व्हावे असे ठरवले.

आमच्याकडच्या तालमीत हौदातली लाल माती वेळोवेळी खणून, चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून मुरवावी लागते. हा खर्च कोणत्याच इनामाच्या यादीत दिसत नाही आणि त्यावर टाळ्याही पडत नाहीत. तो टाळला तर मात्र माती घट्ट होते आणि पोरांच्या अंगाला लागते. गावच्या वर्गणीच्या बैठकीत आता कोणी विचारले, तर आम्ही आधी मातीचा हिशेब मांडा म्हणून सांगू. इनामाची रक्कम त्यानंतर ठरवू.