तळ्यातल्या माशांना पुराचा निरोप

कोकणातल्या श्रोत्यांना चढणीचे मासे सांगायला नकोत. पहिला दणकून पाऊस पडला, ओढे वाहू लागले, की मासे उलट्या धारेने वर चढतात, थेट भातखाचरात. कशाला? अंडी घालायला.

रोहू, कटला, मृगळ यांचंही तसंच. पूर आलेली नदी, नवं पाणी, पाण्याला ओढ, उतरलेलं तापमान हे सगळं जुळलं की माशाचा मेंदू मस्तकातल्या पीयूष ग्रंथीला इशारा देतो. ग्रंथी संप्रेरक सोडते आणि मादी अंडी सोडते. पण हाच मासा तळ्यात ठेवा. तो वाढतो, मादीचं पोट अंड्यांनी भरतं आणि तिथेच सगळं अडतं. पूरच नाही, तर इशारा कुठून येणार?

त्यामुळे मत्स्यशेती नदीवर अवलंबून होती. पावसाळ्यात नदीत जाळी लावून मत्स्यजिरे गोळा करायचे. इतकी बारीक पिल्लं, की त्यात रोहू किती आणि तळ्यातले मासे खाणारी जात किती, हे कळायचंच नाही. शेतकरी पैसे मोजायचा आणि नशिबावर सोडायचा.

कटकच्या मत्स्यसंशोधन उपकेंद्रात काम करणाऱ्या हिरालाल चौधरींनी विचार उलटा केला. तळ्यात पूर आणता येत नाही ना? मग पुराचा निरोपच माशाला देऊ. एका माशाची पीयूष ग्रंथी काढायची, तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचायचा. ब्राझीलमध्ये १९३०च्या दशकात ही युक्ती चालली होती, पण आपल्या कार्प माशांवर तिचा जम बसत नव्हता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळला चौधरी आणि अलीकुन्ही यांना यश आलं. इंजेक्शन दिलेल्या माशांनी साठलेल्या पाण्यात अंडी दिली. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे, तो याच कामामुळे.

आता शेतकऱ्याला हव्या त्या जातीची बोटुकली केंद्रातून मिळते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. इंजेक्शन फक्त शेवटचा इशारा देतं. मादीच्या पोटात अंडी पिकवायचं काम ऋतूच करतो. आणि नदीतल्या माशाला कोणी सुई टोचत नाही. धरणाने पूर अडवला, की त्याचा निरोपही अडतो.

यंदा पहिला पाऊस पडला की ओढ्यावर जाऊन बघा. जाळं मात्र घरी ठेवा. भेटू पुढच्या भागात!