सीटी स्कॅन माणसाचा होतो, तसा जमिनीचाही होतो! बोअर मारण्याआधी 'टोमोग्राफी' समजून घ्या

वाशिम : उन्हाळा लागला की वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत बोअरच्या गाड्या फिरू लागतात. एकाच्या वावरात शंभर फुटांवर पाणी लागतं आणि धुऱ्याच्या पलीकडं तीनशे फूट जाऊनही नुसती धूळ उडते. पैसे गेले की आपण नशिबाला दोष देतो. पण जमीन न खोदता तिच्या पोटात काय आहे याचा अंदाज घेणारं एक तंत्र आहे. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचंच ते भावंड. त्याचं नाव टोमोग्राफी.

टोमोग्राफी म्हणजे काय?

ग्रीक भाषेत 'टोमोस' म्हणजे काप. टरबूज न कापता आतली फोड कशी दिसेल हे पाहायचं, म्हणजे टोमोग्राफी. जर्मन शास्त्रज्ञ रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये एक्स-रे शोधला. पण एक्स-रेचा फोटो म्हणजे सावली असते. हाड, फुप्फुस, हृदय सगळं एकावर एक चढलेलं दिसतं. मागचं कोणतं आणि पुढचं कोणतं, ते नीट कळत नाही.

यावर उपाय असा, की एकाच बाजूने न पाहता चारी बाजूंनी शेकडो मोजमापं घ्यायची आणि गणित करून आतला काप तयार करायचा. हे गणित हाताने होत नाही, त्याला संगणक लागतो. इंग्लंडचे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी असं यंत्र बनवलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. हाउन्सफील्ड आणि या गणिताचा पाया घालणारे ॲलन कॉरमॅक या दोघांना १९७९ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एमआरआयमध्येही असेच काप दिसतात, पण तिथं एक्स-रे नसतो, चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. सीटीत मात्र साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी पट जास्त किरण अंगातून जातात. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय स्वतःहून सीटीचा आग्रह धरू नये. बाई गरोदर असेल किंवा तशी शंका असेल, तर आधीच सांगावं. जुनी फिल्म जपून ठेवावी, म्हणजे तोच स्कॅन पुन्हा काढण्याची वेळ कमी येते.

आपल्या जमिनीच्या पोटात काय आहे?

वाशिम जिल्हा दख्खनच्या काळ्या दगडावर बसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा दगड. वर काळी माती, खाली मुरूम, मग कधी छिद्रांचा मांजऱ्या दगड, तर कधी एकसंध काळा पत्थर. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबडा गेरू. एकसंध पत्थरात पाणी मुरत नाही. पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या दगडात आणि भेगांमध्ये. भेग तुमच्या वावरातून गेली तर पाणी, वीस पावलं बाजूला गेली तर कोरडं. धुऱ्याच्या दोन बाजूंना वेगळा निकाल लागतो तो यामुळे.

जमिनीचा स्कॅन कसा होतो?

या पद्धतीला विद्युत रोधकता टोमोग्राफी म्हणतात. जमिनीत एका रेषेत समान अंतरावर लोखंडी सळया ठोकतात आणि त्या केबलने यंत्राला जोडतात. दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची आणि दुसऱ्या दोन सळयांवर दाब मोजायचा. यंत्र जोड्या बदलत बदलत शेकडो मोजमापं घेतं. मग संगणक त्या रेषेखालचा रंगीत काप दाखवतो.

ओल्या थरातून वीज सहज जाते, कोरड्या पत्थरातून जात नाही. ही अडवणूक ओहम-मीटरमध्ये मोजतात. आपल्याकडच्या दगडात साधारण असं दिसतं :

- काळी चिकणमाती : १० च्या आसपास किंवा कमी
- पाणी धरलेला मुरूम, झिजलेला दगड : २० ते ४५
- एकसंध पत्थर : ७० च्या वर, कधी कित्येक पट

जुन्या पद्धतीत एकाच ठिकाणी चार सळयांनी खोलीचा अंदाज घेतात. त्यात त्या जागेखालचं कळतं, बाजूची भेग सुटू शकते. टोमोग्राफीत पूर्ण रेषेचा काप मिळतो.

याच्या मर्यादा काय?

पहिली गोष्ट लांबीची. ५ मीटर अंतराने ४८ सळया ठोकल्या तर रेष २३५ मीटर होते आणि साधारण ४० ते ४५ मीटर, म्हणजे दीडशे फुटांच्या आतबाहेरचं दिसतं. तीनशे फूट पाहायचं तर जवळपास अर्धा किलोमीटर रेष लागते. एक एकर चौकोनी वावराची बाजू ६३ मीटरच भरते. म्हणून शेजाऱ्याशी बोलून, दोघातिघांनी मिळून स्कॅन करणं बरं.

दुसरी गोष्ट, चिकणमाती आणि खारं पाणीसुद्धा कमी आकडा दाखवतात. त्यामुळे कमी आकडा म्हणजे पाणीच, असं नाही. वाचणारा जाणकार हवा. तारेचं कुंपण, लोखंडी पाइप, विजेची लाइन जवळ असेल तर मोजमाप बिघडतं.

तिसरी गोष्ट, पाणी किती इंच लागेल हे कोणताही स्कॅन सांगत नाही. पाच मिनिटांत मोबाइल किंवा छोटं यंत्र फिरवून "अमुक फुटांवर तीन इंच पाणी" असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर आधी मोजमापाचा कागद मागा.

आणखी कुठं वापरतात?

मातीच्या धरणाच्या भिंतीतून पाणी कुठं झिरपतं, हे याच सळयांच्या पद्धतीने शोधतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसराचा सतत अभ्यास चालू आहे. तिथं भूकंपाच्या लाटा अनेक केंद्रांवर मोजून जमिनीखालच्या खडकाचं चित्र तयार केलं गेलं. कारखान्यात ओतीव लोखंडाच्या भागात आत पोकळी किंवा चीर राहिली का, हे तो भाग न फोडता एक्स-रे सीटीने कळतं. विमानतळावर बॅगा तपासायला आणि मातीतली मुळं न उपटता पाहायलाही हेच तंत्र वापरतात.

बोअरआधी काय करावं?

- राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते. तिच्या जिल्हा कार्यालयात भूवैज्ञानिकाकडे आधी चौकशी करा.
- आजूबाजूच्या विहिरी-बोअरची खोली, पाणी आणि लागलेले थर लिहून न्या. स्कॅन वाचायला याची मोठी मदत होते.
- खासगी माणसाकडून करायचं असेल तर रेष किती मीटर, सळया किती, खोली किती दिसेल, हे आधी लेखी घ्या. कापाचं रंगीत चित्र आणि आकडे स्वतःकडे ठेवा.
- कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधनं आहेत. परवानगीचं विचारून घ्या.
- कापात सगळीकडे पत्थरच दिसला, तर बोअर न मारणं हाही फायदाच. तोच पैसा शेततळं किंवा विहीर पुनर्भरणाला लावता येतो.